उन्हाळ्याच्या सुट्टीत दुगारवाडीचा धबधबा : मुलांना घेऊन पायी कसे जावे

नाशिककरांना धबधब्याची आठवण होते ती आषाढ-श्रावणात. परंतु लहान मुलांना प्रथमच डोंगरवाटेने धबधब्यापर्यंत चालत न्यायचे असेल, तर मार्च-एप्रिल किंवा मे महिन्यातील सकाळ अधिक योग्य असते, असे माझे ठाम मत आहे. पावसाळ्यात दुगारवाडीच्या वाटेवरचा ओढा केव्हा वाढेल याचा भरवसा नसतो. ऑगस्ट २०२२ मध्ये पाणी अचानक वाढल्याने तेथे पर्यटक अडकून पडले होते. उन्हाळ्यात तोच ओढा बहुतेक ठिकाणी कोरडा असतो, दगड स्पष्ट दिसतात आणि मुलांना आपल्या चालीने जाता येते.

मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी मुलांना खरे ते सांगावे. त्र्यंबक परिसरातील ओढे पावसाच्या पाण्यावर वाहतात. दिवाळीनंतर धार बारीक होत जाते, आणि वैशाखात कड्यावर कधी एखादी ओघळ तर कधी नुसता ओला कातळ उरतो. छायाचित्रातला फेसाळ प्रपात डोळ्यांसमोर ठेवून आलेले मूल हिरमुसते. पाण्याने कातळ कसा कोरला आहे हे पाहायला आलेले मूल तासभर रमते. घरातील कोणाला गुडघ्यांचा त्रास असेल, तर हा बेत सोडून गंगापूर रस्त्यावरील सोमेश्वरला जावे. तेथे फारसे चालावे लागत नाही.

वेळ उलटी मोजावी

दुगारवाडीला जाण्यासाठी नाशिकहून त्र्यंबकेश्वर गाठून जव्हारच्या रस्त्याने पुढे जावे व सापगावाजवळ वाट विचारून घ्यावी. वन विभागाचे काही निर्बंध आहेत का, हेही तेथेच विचारावे. वाहन वर उभे करून वाट दरीत उतरते. या सहलीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, कारण ताजेतवाने असताना उतार लागतो आणि पाय थकल्यावर, ऊन चढल्यावर, चढ लागतो. म्हणून धबधब्यावर किती वाजता पोहोचायचे हे न ठरवता, चढ किती वाजता संपवायचा हे आधी ठरवावे आणि तेथून मागे मोजत यावे. दहाच्या सुमारास वर यायचे, मुलांसह चढायला एक तास, खाली एक तास, उतरायला पाऊण तास आणि नाशिकहून गाडीने सुमारे सव्वा तास असा हिशेब केला, तर सकाळी सहाला घर सोडावे लागते. एप्रिल-मेमध्ये नाशिकला सूर्य सहाच्या आसपासच उगवतो, त्यामुळे हे अवघड नाही. निघायला तास-दीड तास उशीर झाला, तर खाली उतरण्याचा हट्ट धरू नये. या दिवसांत पानगळ झालेली असल्याने वाटेवर सावली फार थोडी असते, आणि दरीत वारा पडला की कातळाची धग अंगावर येते.

सोबत काय घ्यावे

मोठ्या माणसासाठी दोन लिटर आणि मुलासाठी किमान एक लिटर पाणी घरून न्यावे, आणि त्यातील निम्मे चढासाठी राखून ठेवावे. गावात बाटल्या भरून घेऊ, या भरवशावर निघू नये. त्र्यंबक तालुक्यात पाऊस भरपूर पडतो, तरी उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर पाण्याची टंचाई असते आणि बायाबापड्या विहिरीवरून हंडे भरून आणतात. त्या हंड्यातले पाणी सहलीसाठी मागणे योग्य नाही. पाण्याबरोबर ओआरएसची पुडी ठेवावी. ती नसल्यास एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे.

खाण्यासाठी दशम्या, गूळ, काकडी आणि खजूर पुरेसे आहेत. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्याने मऊ राहतात आणि दुपारपर्यंत टिकतात. कपडे सुती, सैल व पूर्ण बाह्यांचे असावेत, डोक्यावर टोपी किंवा ओले उपरणे असावे आणि पायांत चांगली पकड असलेले बूट असावेत. अत्तर आणि सुगंधी तेल मात्र त्या दिवशी लावू नये. कारण पुढे येते आहे.

उतरताना आणि खाली गेल्यावर

सर्वांत पुढे एका जाणत्याने व सर्वांत मागे दुसऱ्याने चालावे. चाल लहानात लहान मुलाची धरावी. उतारावर सुकलेली पाने आणि बारीक मुरूम यांवरून पाय सरकतो, तेव्हा टाच रोवून, छोटी पावले टाकायला मुलांना शिकवावे.

कडा दिसू लागला की आधी वर पाहावे. कपारीखाली काळसर, अर्धवर्तुळाकार, काहीसे हलल्यासारखे वाटणारे पोळे लोंबत असेल, तर ते आग्या मोहोळ आहे. नीट पाहिले, तर त्या काळेपणावरून मधूनमधून एक थरथर सरकत जाते. हजारो माश्या एकापाठोपाठ एक पोटाचा मागचा भाग वर उचलतात, त्याने ती उठते. अशा जागेखाली थांबू नये, आरडाओरडा करू नये, दगड मारू नये आणि विडी किंवा चूल पेटवू नये. धूर आणि उग्र वास या दोन्हींनी माश्या उठतात. शिवाय वाळलेल्या गवताला ठिणगी लागली, तर वणवा डोंगरभर पसरतो.

डोहात उडी घेऊ देऊ नये. पाणी उथळ भासले तरी तळाशी रांजणखळगे असू शकतात आणि काठचा कातळ शेवाळाने निसरडा असतो. मुलांनी काठावर बसून पाय बुडवावेत, तेही मोठ्यांचा हात धरून. साबण किंवा शाम्पू पाण्यात नेऊ नये, कारण उन्हाळ्यात हेच साचलेले पाणी गुरे आणि रानातील जनावरे पितात.

मे महिन्यात वळवाकडेही लक्ष ठेवावे. आकाश काळवंडले किंवा गडगडाट ऐकू आला, तर डबा अर्धा राहिला तरी ओढ्याचे पात्र सोडून वर निघावे.

चढ

दर दहा-पंधरा मिनिटांनी मिळेल त्या सावलीत थांबून दोन-दोन घोट पाणी द्यावे. तहान लागली का, असे विचारत बसू नये. बडबडे मूल अचानक गप्प झाले, त्याला डोकेदुखी, मळमळ किंवा चक्कर जाणवू लागली, तर तेथेच बसवून कपडे सैल करावेत, मान व काखा ओल्या कापडाने पुसाव्यात आणि वारा घालावा. असंबद्ध बोलणे किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी तोंडात पाणी न घालता अंग थंड करत राहावे आणि १०८ क्रमांकावर कळवावे. दरीत मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून एकाने वर जाऊन फोन करावा.

मे महिन्यात रस्त्याच्या कडेला बाया पानांच्या द्रोणात करवंदे विकायला बसतात. ती न घासाघीस करता घ्यावीत आणि खाण्यापूर्वी धुवावीत. घरी पोहोचल्यावर मुलांच्या कानांमागे व गुडघ्यांच्या लवणीत गोचीड चिकटलेली नाही ना, हे पाहावे. संध्याकाळपर्यंत लघवी गडद पिवळी होत असेल, तर ताक, सरबत किंवा कैरीचे पन्हे थोडे-थोडे देत राहावे.