रवी-बुध युती कशी बघायची
पत्रिकेत रवी-बुध एका घरात दिसले की लगेच बुधादित्य योग (रवी-बुध एकत्र आले की होणारा शुभ योग) म्हणून खूश होऊ नका, बुध रवीपासून २८ अंशांच्या पलीकडे जातच नाही त्यामुळे ही युती ढिगाने पत्रिकांत सापडते. आधी अंश बघा. रवी सिंहेत १० अंश आणि बुध १३ अंश म्हणजे अंतर फक्त ३, बुध अस्तंगत, म्हणजे रवीच्या फार जवळ आल्याने निष्प्रभ धरतात (मर्यादा १४ अंश, वक्री म्हणजे उलट चालीचा असेल तर १२). बुध सिंहेत २८ अंशांवर असता तर अंतर १८ होऊन अस्तातून सुटला असता.

मग लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, म्हणजे पत्रिकेचं पहिलं घर) घ्या, हे फार महत्त्वाचंय! मेष लग्नाला सिंहेतला रवी स्वराशीचा पंचमेश (पाचव्या घराचा स्वामी), पण बुध तृतीयेश-षष्ठेश (तिसऱ्या आणि सहाव्या घराचा स्वामी), म्हणजे बुद्धी आहे पण सोबत स्पर्धा, वादविवादही आले. शेवटी या युतीवर इतर ग्रहांची दृष्टी आणि चालू महादशा (सध्या कोणत्या ग्रहाचा काळ चालू आहे ते) तपासा.