महागडे स्पीकर घेताय? आधी घरी डेमो मागा
लाखभराचे स्पीकर शोरूममधे ऐकून लगेच पैसे देऊ नका, तिथली रूम ट्रीट केलेली असते, म्हणजे आवाज घुमू नये म्हणून भिंतींना आवाज शोषणारे पॅनेल लावलेले असतात, आणि आपला कोथरूडचा हॉल म्हणजे नुसती फरशी, काचा नि मोकळ्या भिंती, घरी आणले की बेस घुमलाच म्हणून समजा. डीलरला सरळ म्हणायचं, दादा डिपॉझिट घ्या पण शनिवार-रविवार घरी लावून द्या. दोन जोड्या ऐकताना आवाज सारखाच ठेवायला सांगा, 1 डेसिबल जास्त असलं तरी कानाला तेच भारी वाटतं. जीएसटी बिल आणि इंडियातली वॉरंटी लेखी घ्या. आणि डीलरकडे तीन तास ऐकून, वर चहा पिऊन मग ऑनलाइन दोन हजारांनी स्वस्त म्हणून तिकडून घेणं, हे बरं नाही राव, फ्यूज उडाला की फोन त्यालाच करणार ना?