शिल्पाला छप्पर नसतं

हिंडलग्याच्या एका मुलीला खुल्या शिल्पसंग्रहालयात दोन महिन्यांची रेसिडेन्सी, म्हणजे तिथेच राहून शिल्प घडवायची संधी, मिळाली. तिचा फोन आला, "ताई, बॅगेत काय काय भरू?" मी म्हटलं, आधी आपल्या बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, त्या जुन्या जैन मंदिरात, एक दुपार बसून ये. १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली ती बस्ती. छतातलं दगडी कमळ बघताना मान दुखून येते. पण ते कमळ छपराखाली आहे. तुझं शिल्प उन्हापावसात उभं राहणार.

ही गोष्ट मला फार उशिरा कळली. माझ्या पहिल्या रेसिडेन्सीत मी काळ्या दगडाचे दोन तुकडे लोखंडी सळीने जोडले होते. वरच्या तुकड्याला ओंजळीसारखा खोलगट आकार दिला. दिसायला सुंदर होतं. दोन पावसाळ्यांनंतर तिथल्या माणसाने फोटो पाठवला: खालचा तुकडा उभा चिरला होता. ओंजळीत साठलेलं पाणी सांध्यातून सळीपर्यंत झिरपलं. लोखंड गंजलं की फुगतं आणि आतून दगड फोडतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तेव्हापासून सळी स्टेनलेस स्टीलचीच वापरते आणि प्रत्येक खोलगट भागाला पाणी निघून जाईल असं तिरकं भोक पाडते. प्रपोजलच्या चित्रातही ते भोक दाखवते. निवड करणारे ते बघतात.

दगड निवडायला मला शिकवलं आमच्या गावच्या पाथरवट मामांनी. हातोडीने हलकेच ठोकायचे आणि कान जवळ न्यायचे. "खणखणला तर घे, बद्द वाजला तर सोड. आत चीर असते पोरी." आपण यात नशीबवान आहोत. खानापूरकडे जांभा, निपाणी-चिकोडीच्या बाजूला काळा बसाल्ट, गोकाकला धबधब्याचा तो कठीण, गारगोटीच्या जातीचा क्वार्टझाइट. जांभ्याला छिद्रं असतात, त्यावर बारीक नक्षी टिकत नाही, पण मोठे ठसठशीत आकार छान उठतात. जाण्याआधी तिन्हींवर हात चालवून बघ. परक्या ठिकाणचा दगड मग लवकर ओळखीचा होतो.

ग्राइंडर चालवताना पाणी मारत काम कर आणि चांगला मास्क लाव. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. गारगोटीच्या जातीच्या दगडाची धूळ फुप्फुसात बसली की परत निघत नाही.

अर्जाचं थोडक्यात सांगते. फोटोत शिल्पाशेजारी माणूस उभा कर, म्हणजे उंची कळते. मातीचं छोटं मॉडेल जोड. दगड, क्रेन आणि वाहतूक यांचा खर्च कोण करणार हे पत्रात लिहून घे, तोंडी नको.

आणि शिल्प तिथेच राहणार असेल तर करार नीट वाच. शिल्प विकलं, दान दिलं, तरी ते विद्रूप होऊ नये असं म्हणण्याचा कलाकाराचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या ५७व्या कलमात आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प काढून नेलं गेलं, त्याची मोडतोड झाली. ते कोर्टात गेले. २००५ साली दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, शिल्पाचे अवशेष परत करायला लावले आणि पाच लाखांची भरपाईही दिली. शिल्प करणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल माहीत असायलाच हवा.

पोचल्यावर जागा ठरवायची घाई करू नकोस, असंही तिला सांगितलं. एक तरी सर येऊ दे, पाणी कुठून वाहतं ते बघ, मग पाया खण आणि तळाला खडी घाल.

परवा तिचा फोटो आला. गुडघाभर खड्डा, तळाला खडीचा जाड थर, आणि खोली कळावी म्हणून चिखलाच्या पायांनी ती स्वतः आत उभी.