पायथनमधे ओव्हरराइड केलेली मेथड सी प्लस प्लसकडून कॉल होत नसेल तर काय करायचं

सांगलीत हळदीच्या अडत दुकानांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर करताना यात माझा आख्खा आठवडा गेला, म्हणून नीट लिहितोय. हिशोबाचं इंजिन सी प्लस प्लसमधे, आणि हमाली-तोलाई धरायची पद्धत दुकानागणिक वेगळी म्हणून 'कपात' ही मेथड पायथनच्या सबक्लासमधे ओव्हरराइड केलेली, म्हणजे मूळ मेथडच्या जागी दुकानाची वेगळी लिहिलेली. पायथनमधून कॉल केली की आकडा बरोबर यायचा, पण इंजिनने बिल काढताना आतून तीच मेथड कॉल केली की मूळ क्लासचीच कपात लागायची, आणि एरर काहीच नाही.

पायथन मेथड नावाने शोधतं, ऐन कॉलच्या वेळी. सी प्लस प्लसमधे व्हर्च्युअल (सबक्लासला बदलता येईल अशी) नसलेल्या मेथडचा कॉल कंपाइल होतानाच ठरून जातो, आणि व्हर्च्युअल असली तरी ते व्हीटेबलमधे, म्हणजे क्लासच्या व्हर्च्युअल मेथड्सच्या तक्त्यात बघतं, तिथं पायथनच्या मेथडची नोंदच नसते. म्हणून मधे दुभाषी बसवायचा, पायबाइंड११ मधे (सी प्लस प्लसचा कोड पायथनला जोडणारी लायब्ररी, मी तीच वापरली) त्याला ट्रॅम्पोलिन म्हणतात.

आधी मूळ क्लासमधे कपात व्हर्च्युअल करा, डिस्ट्रक्टरपण. मग त्या क्लासमधून इनहेरिट करून ट्रॅम्पोलिन क्लास लिहा आणि त्यातल्या कपातमधे पायबाइंड११चा ओव्हरराइड मॅक्रो टाका, त्याला क्रमाने रिटर्न टाइप, मूळ क्लास, मेथडचं नाव आणि आर्ग्युमेंट्स द्यायची. पायथनमधे त्या नावाची मेथड सापडली तर ती चालते, नाहीतर मूळची (मूळ मेथड प्युअर व्हर्च्युअल, म्हणजे मूळ क्लासमधे नुसती जाहीर केलेली असेल तर प्युअरवाला मॅक्रो). ट्रॅम्पोलिनमधल्या मेथडला सी प्लस प्लसचा 'ओव्हरराइड' कीवर्ड लावाच, मूळ मेथडवरचं कॉन्स्ट लिहायचं राहिलं तरी कंपाइलर तिथंच अडवतो. पायथनच्या बाजूला असं कोणी अडवत नाही, नावात एक अक्षर चुकलं तरी गुपचूप मूळ कपात लागते.

आता बाइंडिंग, म्हणजे सी प्लस प्लसचा क्लास पायथनला दिसेल असा नोंदवणं. क्लास नोंदवताना मूळ क्लासच्या नावानंतर ट्रॅम्पोलिनचं नाव द्या, माझं नेमकं हेच राहिलं होतं. पायथनच्या सबक्लासला स्वतःचं इनिट (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारी मेथड) असेल तर त्यातून मूळ क्लासचं इनिट कॉल करा, नाहीतर टाइपएरर येतो.

अजून एक, पायथनचं ऑब्जेक्ट इंजिनकडे देऊन मोकळं होऊ नका, त्याचा रेफरन्स पायथनमधे एखाद्या लिस्टमधे धरून ठेवा, कारण कोणी वापरत नाही असं समजून पायथनने ते मेमरीतून काढलं की इंजिनकडे पॉइंटर असला तरी तुमचं ओव्हरराइड गेलेलं असतं.

आणि टेस्ट इंजिनच्या बाजूनेच लिहा. पायथनमधून थेट कपात कॉल करणारी माझी टेस्ट पहिल्या दिवसापासून पास होत होती, म्हणून मी तिला पन्नास पोत्यांचं पूर्ण बिल इंजिनकडून काढून बघायला लावलं, तेव्हा कुठं चूक दिसली.