कमोडोर ६४ साठी सीसी६५: कंपायलर डब्यात, बाकी सगळं बाहेर

१९८२ च्या कमोडोर ६४ साठी सी भाषेत लिहायचं तर सीसी६५ हा क्रॉस-कंपायलर (एका संगणकावर बसून दुसऱ्यासाठी प्रोग्राम बांधणारा) हाताशी हवा. तो डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट वेगळ्या डब्यात बंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवला की पुढे लिनक्स अपग्रेड केलं तरी जुना प्रोग्राम त्याच कंपायलरने बांधता येतो. एम्युलेटर (कमोडोरची नक्कल करणारा प्रोग्राम) मात्र डब्यात कोंबू नका. स्क्रीन, आवाज आणि जॉयस्टिक आत पोहोचवता पोहोचवता संध्याकाळ जाते.

रिकाम्या फोल्डरमध्ये डॉकरफाइल (डबा कसा बांधायचा याची कृती) करा, नावापुढे एक्स्टेन्शन नको. ओळी तीनच. 'फ्रॉम'मध्ये डेबियन लिनक्सची बुकवर्म-स्लिम इमेज (डब्याचा तयार साचा) घ्या. लेटेस्ट टॅग घेतला तर आवृत्ती नकळत बदलते आणि डब्याचा मूळ हेतूच बुडतो. 'रन'मध्ये एपीटी-गेट अपडेट आणि सीसी६५ व मेक यांचं इन्स्टॉल एकाच ओळीत, दोन अँपरसँडने जोडून लिहा. वेगळ्या ओळींत लिहिलं तर डॉकर अपडेटचा जुना कॅश उचलतो आणि पॅकेज सापडत नाही. इन्स्टॉलला डॅश वाय हवाच. शेवटी 'वर्कडिर' स्लॅश एसआरसी. मग डॉकर बिल्ड, डॅश टी देऊन नाव, आणि शेवटी टिंब. हे टिंब हमखास राहतं.

चालवताना डॉकर रनला आरएम पर्याय द्या, म्हणजे काम झालं की कंटेनर (त्या साच्यातून चालवलेला डबा) पुसला जातो. डॅश व्हीने चालू फोल्डर एसआरसीला जोडा आणि डॅश यूने स्वतःचे यूजर व ग्रुप आयडी द्या. डॅश यू विसरलात की तयार झालेली फाइल रूटच्या मालकीची होते आणि सुडोशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही. फेडोरावर 'परमिशन डिनाइड' आलं तर कारण बहुधा एसई-लिनक्स ही सुरक्षा यंत्रणा. फोल्डरच्या जोडणीपुढे कोलन आणि मोठा झेड लावा.

डब्यात चालवायची कमांड सीएल६५ (सीसी६५ सोबत येणारी, कंपाइल आणि लिंक एकदम करणारी): डॅश टी सी६४, मोठा ओ ऑप्टिमायझेशनसाठी, छोटा ओ आउटपुटच्या नावासाठी. तयार झालेल्या पीआरजी फाइलचे (कमोडोरचा प्रोग्राम) पहिले दोन बाइट ओडी कमांडने हेक्समध्ये (डॅश टी एक्स१) बघा. ०१ ०८ दिसलं पाहिजे, म्हणजे लोड पत्ता २०४९, बेसिक प्रोग्राम सुरू होतो ती जागा.

मेकफाइलमधून सीसी६५ थेट बोलावत असाल तर तिथेही डॅश टी सी६४ लिहा. सीएल६५ ते न सांगता गृहीत धरतो, सीसी६५ धरत नाही. मग मजकूर पेटस्कीऐवजी (कमोडोरची स्वतःची अक्षरसंहिता) साध्या आस्कीत राहतो आणि पडद्यावर मोठ्या-छोट्या अक्षरांची अदलाबदल होते.

इथे इंट (पूर्णांक) १६ बिटांचा आहे: दोन इंटांत २०० गुणिले २०० केलं तर उत्तर उणे २५,५३६ येतं. फ्लोट (दशांश संख्या) तर नाहीच.

सगळं जमलं की डॉकर सेव्हने इमेजची टार फाइल काढून सोर्सशेजारी ठेवा. डॉकरफाइल पुन्हा चालवली तर ती त्या दिवशीची पॅकेजं आणते, कालची नाही.