पोटाच्या सीटीचा डोस आम्ही असा खाली आणला

परळच्या आमच्या सेंटरमध्ये प्रौढांच्या पोटाच्या सीटीचा डीएलपी (एका तपासणीचा एकूण किरण-डोस) संदर्भपातळीच्या, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या आकड्याच्या, वर जात होता. सरासरी न घेता मध्यक काढला. आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय किरणसुरक्षा संस्थेचं २०१७चं १३५वं प्रकाशनही मध्यकच घ्यायला सांगतं. दोन-तीन फार जाड पेशंट आले तरी सरासरी बिघडते.

गंमत म्हणजे सीटीडीआयव्हॉल (स्कॅन केलेल्या भागातली किरणांची सरासरी तीव्रता) ठीक होता, अमेरिकेतल्या २५ मिलिग्रेच्या संदर्भपातळीच्या आतच. म्हणजे एकेका स्लाइसला किरण जास्त जात नव्हते. डीएलपी म्हणजे हाच आकडा गुणिले स्कॅनची लांबी, आणि प्रत्येक फेजचा (स्कॅनच्या फेरीचा) त्यात वेगळा मिळवायचा. टोपोग्राम (स्कॅनची हद्द आखायला आधी घेतात ती चित्रं) उघडले तर रेंज छातीच्या मध्यापासून थेट मांड्यांपर्यंत! मुतखड्याच्या पेशंटलाही प्लेन (औषध न देता) आणि कॉन्ट्रास्ट (औषध देऊन), दोन्ही.

रेडिओलॉजिस्ट मॅडमना आकडे दाखवले. "मुतखड्याला प्लेन पुरे, तेही लो-डोस," त्या म्हणाल्या. मग रेंज डायफ्रॅमच्या (छाती-पोटामधल्या पडद्याच्या) घुमटापासून सिम्फिसिस प्युबिसपर्यंत (ओटीपोटाच्या तळाशी पुढे असलेल्या हाडांच्या सांध्यापर्यंत) ठरवून दिली, आणि जादा फेज मॅडमनी सांगितल्याशिवाय घ्यायचा नाही असं ठरलं. मध्यक उतरला, रिपोर्टिंगला काहीच अडलं नाही.

तुम्ही तुलना कराल तेव्हा आकडा कुठल्या फँटमवरचा (डोस मोजायच्या प्लास्टिकच्या सिलिंडरवरचा) आहे ते आधी बघा: प्रौढांच्या धडाला ३२ सेंमी व्यासाचा, डोक्याला १६.