गेममधला कॅमेरा: आभासी छायाचित्रणाची सुरुवात कशी करावी

चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळ केकी मूस यांचे घर आहे. १९१२ साली जन्मलेले आणि १९८९ साली निवर्तलेले हे छायाचित्रकार आयुष्याची कित्येक दशके या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडायच्या, त्यांवर हवा तसा प्रकाश पाडायचा आणि त्यातून एखादे विस्तीर्ण दृश्य उभे करायचे, या ‘टेबलटॉप’ छायाचित्रणासाठी ते ओळखले जातात. आता संग्रहालय झालेल्या त्या घरातील छायाचित्रे पाहताना मला माझ्या लॅपटॉपवरील गेमची आठवण झाली, आणि तेव्हापासून गेममध्ये काढलेल्या फोटोंकडे मी वेळ घालवण्याचे साधन म्हणून पाहिलेले नाही. टेबलावरचे जग मूस स्वतः रचत असत, तर गेममधील जग दुसऱ्या कलावंतांनी रचून दिलेले असते, हा फरक मान्य करूनही कोठे उभे राहायचे, कोणत्या वेळेचा प्रकाश घ्यायचा आणि चौकटीबाहेर काय ठेवायचे, हे निर्णय दोन्ही ठिकाणी फोटो काढणाऱ्यालाच घ्यावे लागतात. हे निर्णय घ्यायला कसे शिकावे, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

आभासी छायाचित्रण म्हणजे गेम थांबवून, त्यातील कॅमेरा मोकळा करून, विचारपूर्वक फोटो काढणे. २००४ साली जपानमध्ये आलेल्या ‘ग्रॅन टुरिस्मो ४’ या शर्यतीच्या गेममध्ये गाड्यांचे फोटो काढण्याची स्वतंत्र सोय होती. पुढे २०१४ च्या सुमारास प्लेस्टेशनवरील मोठ्या गेममध्ये ‘फोटो मोड’ दिसू लागला आणि आज बहुतेक मोठ्या गेममध्ये तो असतोच. फोटो मोड सुरू केला की काळ थांबतो, कॅमेरा पात्राभोवती फिरवता येतो आणि भिंग, फोकस, प्रकाश, रंगछटा यांच्या सेटिंग समोर येतात.

महागडे यंत्र नसेल तर हा छंद आपल्यासाठी नाही, असा समज खानदेशातील अनेक मुलांमध्ये मी पाहिला आहे आणि तो चुकीचा आहे. ‘माइनक्राफ्ट’च्या संगणकावरील जावा आवृत्तीत एफ १ दाबले की पडद्यावरील सर्व चिन्हे नाहीशी होतात आणि एफ २ दाबले की फोटो साठवला जातो, रचना शिकण्यासाठी एवढे पुरेसे आहे. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ साध्या लॅपटॉपवरही चालतो आणि त्यात फोटो मोड आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरून जाणारे ट्रक पाहत धुळ्यात लहानाचे मोठे झालेल्या कोणालाही त्यातील पहाटेचा रस्ता परका वाटणार नाही. मोबाइलवर चालणाऱ्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्येही कॅमेरा आहे. यंत्र चांगले असेल, तर ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’चा फोटो मोड जरूर वापरून पाहावा, कारण त्यात दिवसाची वेळ आणि हवामान बदलता येते, वाऱ्याची दिशा व जोर ठरवता येतो आणि हवेत पाने किंवा काजवे सोडता येतात. पश्चिम घाटात घडणाऱ्या ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’मधील ओली झाडी आणि दगडी देवळे आपल्या डोळ्यांना ओळखीची वाटतात, त्यामुळे त्यातील प्रकाश कोठे खरा वाटतो आणि कोठे नाही, हे आपल्याला चटकन कळते.

पहिल्या दिवशी काय करावे

सुरुवातीला मी एका आठवड्यात चारशेच्या वर फोटो काढले. नंतर ते एकत्र पाहिले तेव्हा जवळजवळ प्रत्येक फोटोत नायक पाठमोरा, चौकटीच्या अगदी मध्यभागी आणि कमरेच्या उंचीवरच्या कॅमेऱ्याने टिपलेला होता. खेळताना कॅमेरा जेथे असतो तेथेच मी तो राहू दिला होता. म्हणून पहिला नियम असा करावा की फोटो मोड उघडल्यानंतर कॅमेरा आधी त्या जागेवरून हलवायचा. तो जमिनीलगत न्यावा, मग डोक्यावर न्यावा, मग पात्राच्या समोर आणून त्याचा चेहरा पाहावा, आणि या तीन जागा पाहून झाल्याशिवाय बटण दाबू नये.

दुसरे असे की पहिल्या दिवशी कोणतीही मोहीम पूर्ण करायला जाऊ नये. ओळखीची एकच जागा निवडावी, शस्त्र म्यान करावे आणि तेथे अर्धा तास चालत फिरावे. धावत किंवा घोड्यावरून जाताना ज्या भिंतीवरची ओल दिसत नाही, ती चालताना दिसते. या अर्ध्या तासात फोटो पाचच काढायचे, असे बंधन घालून घेतल्यास प्रत्येक फोटोआधी मनात प्रश्न उभा राहतो की मी नेमके काय दाखवू पाहत आहे.

प्रकाश

सर्वाधिक वेळ द्यायचा तो प्रकाशाला. दुपारी सूर्य डोक्यावर असताना चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात आणि जमीन सपाट दिसते, हे जसे आपल्या मे महिन्याच्या उन्हात घडते तसेच चांगल्या गेममध्येही घडते, कारण त्यातील सूर्याची जागा आणि सावल्यांची दिशा गणिताने काढलेली असते. सूर्य क्षितिजाजवळ आला की सावल्या लांबतात आणि जमिनीचा प्रत्येक उंचवटा उठून दिसू लागतो. फोटो मोडमध्ये वेळ बदलण्याची सोय नसेल, तर बहुतेक खुल्या जगाच्या गेममध्ये पात्राला झोपवून किंवा मुक्कामाला थांबवून सकाळ गाठता येते. ‘माइनक्राफ्ट’मध्ये तर अख्खा दिवस २० मिनिटांचा असतो, त्यामुळे मावळतीच्या आधी जागा ठरवून ठेवावी लागते.

सूर्य नेहमी पाठीशी घेऊन फोटो काढण्याची सवय मोडावी. रावेर किंवा यावलकडच्या केळीच्या बागेत सकाळी उभे राहून पाहिले तर हे लगेच समजते: ज्या पानांवर समोरून ऊन पडते ती नुसती हिरवी दिसतात, पण ज्यांच्या पाठीमागे सूर्य असतो ती आतून पेटल्यासारखी पोपटी होतात आणि त्यांच्या शिरा मोजता येतात. गेममधील गवत, पाने, कापडी झेंडे आणि पात्राचे केस यांच्या बाबतीतही हाच प्रयोग करावा. पात्राला सूर्य आणि कॅमेरा यांच्या मध्ये उभे केले की त्याच्या खांद्यांवर उजळ कड उमटते. चेहरा फार काळवंडत असेल तर एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा एकूण उजळपणा, थोडे वाढवावे, पण आकाशातील ढग पांढरेफटक होऊन पुसले जातील इतके नाही.

दूरच्या अंतराचा भासही प्रकाशातूनच येतो. यावल-रावेर रस्त्यावरून उत्तरेकडे पाहिल्यास सातपुड्याच्या रांगा एकामागे एक दिसतात आणि प्रत्येक मागची रांग पुढच्या रांगेपेक्षा फिकट व निळसर असते. मधल्या हवेतील कण प्रकाश विखुरतात म्हणून असे होते, आणि गेम रचणारे हाच परिणाम धुक्याच्या थरांनी साधतात. त्यामुळे डोंगराचा फोटो घेताना एकटे शिखर न घेता जवळ एखादे गडद झाड, मध्ये एक टेकडी आणि मागे फिकट रांग असे तीन टप्पे शोधावेत; फोटोत आत शिरता येईल इतकी खोली त्याने येते. माझा अनुभव असा आहे की आठवड्यातून एकदा शेताच्या बांधावर किंवा तापीकाठी जाऊन संध्याकाळचा प्रकाश नुसता पाहिला, तर त्या आठवड्यात गेममधील फोटो निश्चित सुधारतात.

भिंग, फोकस आणि क्षण

खेळताना बाजूने येणारा शत्रू दिसावा म्हणून गेममधील दृष्टिक्षेत्र सहसा रुंद ठेवलेले असते आणि ते माणसाच्या चेहऱ्यासाठी योग्य नसते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याच्या मापाने २४ मिमी भिंगाचे आडवे दृष्टिक्षेत्र सुमारे ७४ अंश, ५० मिमीचे सुमारे ४० अंश आणि ८५ मिमीचे सुमारे २४ अंश असते. रुंद दृष्टिक्षेत्रात चेहऱ्याजवळ गेल्यास नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात; म्हणून व्यक्तिचित्रासाठी कॅमेरा मागे न्यावा आणि मग ८५ मिमीच्या आसपास झूम करावे. देऊळ, दरी किंवा बाजारपेठ दाखवायची असेल तेव्हा २४ मिमी चांगले.

पार्श्वभूमी धूसर करण्याचा मोह नवशिक्याला फार होतो. एफ १.८ सारखे मोठे छिद्र (भिंगातून प्रकाश आत येण्याची वाट; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) निवडले की फोटो ‘खऱ्या कॅमेऱ्याचा’ वाटतो, पण गेममधील धूसरपणा पडद्यावरील चित्रावर हिशेब करून चढवलेला असल्यामुळे केसांच्या बटा आणि गवताची पाती यांच्याभोवती अनेकदा कापलेली कड दिसते. त्यामुळे छिद्र हळूहळू लहान करत एफ ४ किंवा एफ ५.६ पर्यंत यावे आणि फोकस पात्राच्या जवळच्या डोळ्यावर आहे ना, हे चित्र मोठे करून तपासावे.

क्षितिज सरळ असावे, आणि तिरपे करायचेच असेल तर ते मुद्दाम केले आहे हे कळेल इतके करावे. भुसावळ जंक्शनच्या पादचारी पुलावरून रूळ जसे नजरेला दूर ओढून नेतात, तसे गेममधील रस्ते, कुंपणे आणि नदीचे काठ पाहणाऱ्याची नजर विषयापर्यंत नेतात. त्या रेषा जेथे मिळतात तेथे किंवा चौकटीच्या एक तृतीयांश अंतरावर पात्राला उभे करावे.

लढाईतला फोटो मात्र संयमाने काढावा लागतो. तलवार लागल्यानंतरच्या क्षणापेक्षा ती उगारली जाते तो क्षण बहुधा अधिक बोलका असतो. अशा प्रसंगाआधी सेव्ह फाइल वेगळी ठेवावी, म्हणजे तोच प्रसंग हवा तितक्या वेळा खेळता येतो.

बटण दाबण्यापूर्वी

नकाशा, गुण, सूचना अशी सर्व चिन्हे बंद करावीत. कॅमेरा स्थिर झाल्यावर एक-दोन सेकंद थांबून मगच फोटो घ्यावा, कारण आजचे अनेक गेम लागोपाठच्या चित्रांवरून कडा गुळगुळीत करतात आणि घाईने घेतलेल्या फोटोत पुसट सावली राहून जाते. एचडीआर (उजेड आणि अंधार यांतील अधिक मोठा फरक दाखवणारी पडद्याची सोय) सुरू असताना काढलेले फोटो साध्या पडद्यावर फिके पडू शकतात, म्हणून तो बंद ठेवणे सोयीचे. ग्राफिक्स सर्वोच्च पातळीवर फक्त फोटोपुरते न्यावेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा दुपारी लॅपटॉपवर तासन्‌तास तो भार टाकणे टाळावे आणि हे काम पहाटे करावे. घरातही तेव्हा शांतता असते.

फोटो शक्यतो पीएनजी, म्हणजे बारकावे न गमावता चित्र साठवणाऱ्या, स्वरूपात साठवावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर त्यातील बारकावे जातात. कोठेही दाखवताना गेमचे नाव आवर्जून लिहावे, कारण ते डोंगर आणि ते चेहरे कोणीतरी घडवलेले असतात. कथेचा शेवट उघड करणारे दृश्य आधी सांगितल्याशिवाय दाखवू नये, आणि फोटो विकण्याचा विचार असेल तर त्या गेमचे नियम आधी वाचावेत.

निवडलेल्या फोटोंपैकी एक तरी छापून घ्यावा, असा माझा आग्रह आहे. कागदावर इंचाला ३०० बिंदू धरले, तर १९२० बाय १०८० चा फोटो ६.४ बाय ३.६ इंच इतकाच चांगला छापला जातो, आणि ३८४० बाय २१६० चा १२.८ बाय ७.२ इंचांपर्यंत. गावातील स्टुडिओत ६ बाय ४ ची प्रत मागितली की पडद्याची रुंद चौकट त्या कागदावर पूर्ण मावत नाही आणि रुंदीचा सुमारे सहावा भाग कापला जातो. त्यामुळे छापायच्या फोटोत पात्र अगदी कडेला ठेवू नये, किंवा स्टुडिओवाल्या दादांना पांढरी पट्टी सोडून पूर्ण चौकट छापायला सांगावे.